परोपकारार्थ सायकल-प्रवास

एके काळीं सायकलींचें शहर म्हणून पुण्याचा लौकिक होता. शिक्षक, विद्यार्थी, कारकून, सारेच सायकलीवरून कामास जात. हल्लीं सायकल येथें एका निराळ्या हेतूनेंही बाहेर पडते. एखाद्या रुग्णालयासाठीं अथवा निराधार मुलांसाठीं वर्गणी गोळा करावयाची व त्या निमित्तानें दूरचा प्रवास करावयाचा, असा हा उपक्रम असतो.

‘दान करावयाचें तर सरळ करावें, त्यासाठीं घाट चढण्याचें कारण काय?’ असें कित्येक पालक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्या पाय मारण्यानें कोणाही रोग्याचा ताप उतरत नाहीं. त्याच्यापर्यंत पोहोंचतो तो पैसाच.

हें आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविलें. कांहीं वर्षांपूर्वीं वरच्या वर्गांतील मुलांसह आम्ही पुण्याहून वाईस सायकलींनीं गेलों. कात्रजचा घाट, शिरवळ, खंबाटकी व सुरूर फाटा असा सुमारें नव्वद किलोमीटरांचा तो रस्ता. खेड्यांतील रुग्णांच्या जेवणासाठीं वर्गणी जमविली होती. परत आल्यावर हिशेब मांडला, तों जवळजवळ तिसरा हिस्सा रंगीत सदरे, फलक व आमचा फराळ यांतच खर्चीं पडलेला! तेव्हां तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, रुग्णांचें जेवण आपणच जेवलों ना?” आम्ही निरुत्तर झालों. ती रक्कम आम्हां शिक्षकांस पदरची भरावी लागली, व तें योग्यच झालें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १९८० सालीं बिली स्टार या गृहस्थानें ३६ स्वारांसह असाच एक प्रवास आरंभिला. त्याची आई कर्करोगानें वारली होती. पहिल्या वर्षीं १०,२०० डॉलर जमले व ते डेना-फार्बर कर्करोग संस्थेस देण्यांत आले. पुढें स्वारांनीं मिळविलेला प्रत्येक डॉलर त्या संस्थेसच देण्याचा प्रघात पडला. व्यवस्थेचा खर्च नोंदणीच्या शुल्कांतून व पुरस्कर्त्यांच्या साहाय्यानें भागवितात. लोकांचा विश्वास बसतो तो अशा हिशेबावर.

मग श्रम व्यर्थ काय? खचित नाहीं. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें पुरी केली. ती पुरी करणारे ते पहिलेच भारतीय. या साहसाशीं त्यांनीं आदिवासींच्या नेत्रोपचाराचें कार्य जोडलें होतें. अशा श्रमांमुळें दूरच्या दुःखाकडे लोकांचें लक्ष वेधतें. शिवाय, खंबाटकीच्या चढावर ज्याचा श्वास कोंडला, त्याला दुसऱ्याच्या कष्टाच्या रुपयाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.

म्हणून आमचें प्रांजल मत असें कीं, या प्रवासांत अवश्य भाग घ्यावा. परंतु कांहीं नियम पाळूनच. आपला खर्च आपण सोसावा. भाकरी घरची न्यावी व सदरा जुनाच घालावा. वर्गणीचा पैन् पै हिशेब सूचनाफलकावर लावावा. पालकांची चिंताही साधार आहे. हमरस्त्यावरील रहदारी भयंकर वाढली आहे. यास्तव डोक्यास शिरस्त्राण, सायकलीस दिवा व पाठीशीं वडीलधारें माणूस असल्यावांचून कोणासही जाऊं देऊं नये. लहान मुलांनीं वाईचा हट्ट न धरतां शाळेच्या मैदानावर फेऱ्या माराव्या. पुण्य कांहीं किलोमीटरांवर मोजलें जात नाहीं.

दान गुप्तपणें करावें, अशी प्रभूची शिकवण आहे. आमचे सायकलस्वार तर भर रस्त्यानें जातात! तथापि या दोहोंचा मेळ बसूं शकतो. हिशेब उघडा असावा आणि देणाऱ्याचें नांव झांकलेलें असावें. दुसऱ्या वर्षीं आम्ही याच रीतीनें पुन्हां वाईस गेलों. फलक नव्हता, छायाचित्रें नव्हतीं. हिशेब मात्र त्याच मुलाच्या हातीं दिला होता, आणि त्या खेपेस रुग्णांचें जेवण रुग्णांसच मिळालें.