पोर्टोकर आणि पेणकर

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये ‘कोरल मर्चंट स्ट्रीट’ नावाची गल्ली आहे. कोरल म्हणजे पोवळं. सतराव्या शतकात मद्रासमध्ये पोवळ्यांचे ज्यू व्यापारी होते. भूमध्य समुद्रातली पोवळी लंडनमार्गे आणायची आणि गोवळकोंड्याचे हिरे तिकडे धाडायचे, हा त्यांचा धंदा. दबदबा एवढा, की १६८८ साली मद्रासची महापालिका स्थापन झाली तेव्हा नगरपित्यांत तीन ज्यू होते : बार्तोलोमेव रॉड्रिग्ज, दोमिंगो दो पोर्टो आणि आल्वारो द फोन्सेका.

नावं ऐकून ही मंडळी गोव्याकडची ख्रिस्ती वाटतात ना? त्यामागे सक्ती आहे. पोर्तुगालने १४९७ साली तिथल्या ज्यूंना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. त्यांना पोर्तुगीज नावं चिकटली. पुढे त्यांचे वंशज ॲम्स्टरडॅमला, लंडनला पोचले आणि उघडपणे पूर्वजांच्या धर्मात परतले. आडनावं मात्र तीच राहिली. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. दो पोर्टो म्हणजे पोर्टो गावचा. कोकणात असता तर तो पोर्टोकर झाला असता!

असे ‘कर’ लावणारे ज्यू आपल्याकडे आहेतच. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायलींची परंपरागत कथा. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर.

पण आडनाव फार तर गावाच्या वेशीपर्यंत पोचवतं. पुढची वाट दाखवतं ते बापाचं नाव. ज्यूंच्या कबरीवर, लग्नाच्या करारावर हिब्रूत ‘अमुक बेन तमुक’ असं लिहितात. बेन म्हणजे मुलगा. त्यातही एक गंमत आहे. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर कोकणी वळणाने सामाजी हसाजी होते. हे ठाऊक नसेल तर आजोबांची नोंद समोर असूनही नातू पान उलटून पुढे जाईल.

चेन्नईत तर दगडच जागचे हलले. मिंट स्ट्रीटवरची जुनी दफनभूमी गेली. उरलेले थोडे दगड फिरत फिरत लॉइड्स रोडवरच्या लहानशा जागेत आले. दगडावरची अक्षरं वाचता येतील, पण कोण कोणाशेजारी विसावलं होतं, ते आता कसं कळणार? नवऱ्याशेजारी बायको, बापाशेजारी मुलगा, हाही वंशावळीचा पुरावाच असतो.

पेणकर, रोहेकर इस्रायलला गेले तरी गाव आडनावातून सोबत नेतात. पणजोबांचं नाव मात्र कुठल्याच आडनावात मावत नाही. ते बहुधा घरातल्या आजीलाच आठवत असतं. तिला विचारून वहीत उतरवायला फार तर एक दुपार लागेल. ती दुपार पुढे ढकलू नये.