दोन येझदींची एक येझदी

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा, चंदनाचा साबण आणि रेशमी साड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण ज्यांचे तारुण्य मोटारसायकलच्या सीटवर गेले, त्या पिढीला म्हैसूरची आणखी एक ओळख आहे. 'जावा' आणि 'येझदी' या गाड्या याच शहरात तयार होत असत. एक सिलिंडर पण सायलेन्सर दोन, किकचा दांडाच पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा आणि गिअर टाकताना आपोआप सुटणारा क्लच, ही त्यांची वैशिष्ट्ये. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की घरातली मुले 'बाबा आले' म्हणून दाराकडे धावत, अशी ही गाडी होती.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये 'वाँडरर' या जर्मन मोटारसायकलचे आराखडे घेऊन प्रागमध्ये काम सुरू केले. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. भारतात ही गाडी बनवण्याचे श्रेय रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या 'आयडियल जावा' कंपनीला जाते. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे 1970 च्या दशकात जावाचे नाव जाऊन 'येझदी' आले. हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून घेतलेले आहे. 1978 मध्ये 'रोडकिंग' आली, आणि 1996 मध्ये कारखान्याला टाळे लागले.

कारखाना बंद झाला, तरी गाड्या बंद झाल्या नाहीत. पण भाग कुठून आणायचे? जुन्या दुकानांत पडून राहिलेला मूळ माल दरवर्षी कमी होत जातो. लेथवर केलेल्या नकला मिळतात, पण त्यांचा भरवसा करणाऱ्याच्या हातावर. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा आली खरी, पण त्यांची इंजिने फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचे भाग जुन्या गाडीला लागत नाहीत. मग उरतो तिसरा मार्ग. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शोधायची आणि तिचे भाग हिला घालायचे.

एका घरातली गोष्ट

समजा, बेळगावातल्या एका घरी वडिलांची रोडकिंग जिन्याखाली उभी आहे. वडील जाऊन काही वर्षे झाली. मुलाच्या मनात गाडी पुन्हा चालू करायची आहे. ओळखीतून कळते, म्हैसूरला एका आजोबांकडे तशीच रोडकिंग आहे, कागदपत्रांसह. आजोबांना आता किक मारवत नाही. मुलगा तिथे पोहोचतो. आजोबा किमतीचे नंतर बोलतात, आधी एकच विचारतात, ''चालवणार की तोडणार?''

मुलगा खरे सांगतो, ''तोडणार. बाबांची गाडी उभी करायची आहे.'' आजोबा गाडीवरून एकदा हात फिरवतात आणि किल्ली देतात.

दोन्ही इंजिने उतरवून मेकॅनिकच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली जातात. मुलाला वाटत असते की दोन दिवसांचे काम आहे. इथून वासाचे, त्याला जोडायचे. पण इंजिन तसे जोडले जात नाही.

काय बदलता येते, काय नाही

पहिली गोष्ट, येझदी म्हणजे सगळ्या सारख्या नव्हेत. क्लासिक आणि रोडकिंग यांची इंजिने वेगळ्या घडणीची आहेत, म्हणून मॉडेल एकच असले पाहिजे. मॉडेल एक असले, की कार्ब्युरेटर, हेड, क्लचचे कव्हर, किकचा दांडा हे भाग तपासून इकडचे तिकडे घालता येतात.

काही भाग मात्र जोडीने जगतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. सिलिंडर झिजला की बोर मारून किंचित मोठा, म्हणजे ओव्हरसाइझ पिस्टन बसवतात. म्हणून एका गाडीचा पिस्टन दुसरीच्या सिलिंडरमध्ये न मोजता घालणे धोक्याचे. सैल झाला तर खडखडतो, घट्ट झाला तर जाम होतो. एकमेकांत फिरून झिजलेल्या गिअरच्या चाकांचेही तसेच. घ्यायची तर जोडी घ्यावी.

सगळ्यात पक्की जोडी क्रँककेसची. इंजिनाची ही खालची पेटी दोन अर्धांची असते. बेअरिंगच्या जागा एका रेषेत याव्यात म्हणून दोन्ही अर्धे एकत्र धरून तयार केलेले असतात. एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अर्धा बोल्टने आवळला जाईल, पण क्रँकशाफ्ट त्यात सरळ फिरेलच असे नाही. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवेचे मिश्रण आधी याच पेटीत येते, पिस्टन खाली येताना दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. पेटी हवाबंद नसेल, सांध्यातून किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून हवा शिरत असेल, तर मिश्रणात पेट्रोल आणि त्यातले ऑइल कमी पडते. इंजिन तापते आणि गाडी भर रस्त्यात सीझ होते. मागचे चाक अडकले, तर चालवणाऱ्याच्या जिवाशी गाठ.

बेळगावच्या टेबलावर नेमके हेच निघते. वडिलांच्या इंजिनाच्या डाव्या अर्ध्याला बेअरिंगच्या जागेपाशी तडा आहे. आजोबांच्या गाडीचे दोन्ही अर्धे मात्र ठणठणीत. मेकॅनिक म्हणतो, ''वेल्डिंग करता येईल, पण उष्णतेने बेअरिंगची जागा वाकडी झाली तर मी जबाबदारी घेणार नाही. बाबांचे सामान या पेटीत घाला.''

नंबर कुणाचा?

ऐकायला सोपे वाटते, पण इंजिनाचा नंबर क्रँककेसवर असतो आणि तोच आर. सी. बुकात लिहिलेला असतो. पेटी बदलली की कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी होते. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे असा बदल आर. टी. ओ. ला कळवून नोंदवून घ्यावा लागतो. नंबर घासून जुना ठोकणे हा तर सरळ गुन्हा. भंगार बाजारातून कागदाविना इंजिन घेतले आणि ते चोरीचे निघाले, तर नसते लचांड मागे लागते.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांनी आणखी जपावे. 2021 च्या नियमांनुसार अशा गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते, पण ती मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. जावाच्या मालकाने काढलेला प्रत्येक मूळ भाग म्हणूनच जपून ठेवावा.

मुलापुढे आता दोन वाटा. पेटी बदलून नव्या नोंदीसाठी धावायचे, किंवा आजोबांचीच गाडी तिच्या चासी आणि इंजिनाच्या नंबरांसह जिवंत ठेवायची आणि वडिलांच्या गाडीचे भाग तिला द्यायचे. म्हणजे जी तोडायला आणली ती राहणार, आणि जिच्यासाठी आणली ती तुटणार. त्या गाडीची नोंदही रद्द करावी लागेल. गाडी कायमची निकामी झाली की 14 दिवसांत आर. टी. ओ. ला कळवून आर. सी. परत करायचे असते. त्याआधी ती वारसाच्या, म्हणजे आईच्या नावावर व्हायला हवी. मालक वारल्यावर तीन महिन्यांत करायचे हे काम अनेक घरांत राहूनच जाते.

मुलाचा जीव होत नाही. निर्णय आई घेते. ''जिन्याखाली नंबर सांभाळून काय करायचे? त्यांना गाडी उभी राहिलेली कधी आवडली नाही.'' आणि ती रद्द करण्याच्या अर्जावर सही करते.

वडिलांचा सिलिंडर आणि त्यातलाच पिस्टन, हेड, कार्ब्युरेटर, पेट्रोलची टाकी आणि सीट आजोबांच्या गाडीवर चढतात. ऑइल सील मात्र सगळी नवी. गाडी आजोबांच्या नावावरून रीतसर मुलाच्या नावावर होते. वर्षे पंधरा उलटून गेल्यामुळे तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते.

जुनी गाडी उभी करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. भाग विकत घेण्याआधी दोन्ही इंजिने उघडून पाहावीत. कोणती गाडी राहणार हे आधी ठरवावे, आणि ते क्रँककेस पाहून ठरवावे, मायेने नव्हे. जोडीचे भाग जोडीनेच हलवावेत. कुठला भाग कुठून आला, बोर कितीचा आहे, हे वहीत तारखेसह लिहावे. पुढच्या मेकॅनिकला आणि पुढच्या पिढीला त्याचाच आधार असतो.

आणि ज्याची गाडी घेतली, त्याला कळवावे. म्हैसूरच्या आजोबांना एक दिवस फोन जातो. मुलगा फार बोलत नाही. फोन इंजिनाजवळ धरतो आणि किक मारतो. पलीकडून आजोबा थोडा वेळ ऐकतात आणि म्हणतात, ''तोडली नाहीस तर!''