सासूबाईंचा साठा

परवा सासूबाईंच्या पलंगाखालून साबणाच्या १८ वड्या निघाल्या. शिवाय काड्यापेट्या, चहाच्या पुड्या आणि किडलेली तूरडाळ! मी चिडलेच. घरात माणसं चार, दुकान कोपऱ्यावर. ‘‘१९७२ च्या दुष्काळात रेशनचा मिलो खाल्लाय गं, तोही रांगेत उभं राहून,’’ त्या एवढंच म्हणाल्या. २०२० च्या टाळेबंदीत याच साठ्यावर आम्ही पंधरा दिवस काढले, हे मी सोयीस्कर विसरले होते. मैत्रिणींनो, त्यांच्या माघारी डबे रिकामे करू नका. खराब झालेलं त्यांच्यासमोरच काढा, उरलेल्याला ऊन दाखवा. एक डबा मात्र भरलेला, त्यांच्याच ताब्यात राहू दे. आमच्याकडे त्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्या कनवटीलाच आहे.