आई, तू काय दाबलंस?

मी ब्लाऊज शिवते. नक्षीचे नमुने गिऱ्हाइकांना दाखवायला हल्ली एआयकडून चित्रं करून घेते. 'कम्फीयूआय' या प्रोग्राममध्ये पडद्यावर 'नोड' नावाच्या चौकटी असतात, त्या तारांनी एकमेकींना जोडायच्या. परवा शेवटी चित्र आलं ते काळंकुट्ट! लेक म्हणाला, "आई, तू काय दाबलंस?" आणि माऊस घ्यायला हात पुढे.

"थांब," म्हटलं. मिक्सर बंद पडला की आपण आधी प्लग बघतो, मग भांडं. तशी एकेक चौकट तपासली. मधल्या 'के-सॅम्पलर'मध्ये छोटं चित्र छान उमटत होतं. म्हणजे बिघाड त्याच्या पुढे, आकड्यांचं चित्र करणाऱ्या 'व्हीएई'च्या चौकटीत. ती १६ बिटांवर चालत होती, त्यात माझ्या मॉडेलचे आकडे मावत नव्हते. ३२ बिटांवर चालवली आणि नक्षी उमटली!

मैत्रिणींनो, यंत्र अडलं की आपण आधी 'माझंच चुकलं' म्हणून मोकळ्या होतो. मग दुसरा कुणी दोन मिनिटांत दुरुस्त करतो, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा त्याच्याच तोंडाकडे बघत बसतो. मदत जरूर मागा, पण माऊस आपल्याच हातात ठेवा.