सण कोणाला खुपतो?

महामारी आली की समाजात दोन प्रकारच्या शहाण्यांना ऊत येतो. एक म्हणतो, 'काही होत नाही हो, सण दणक्यात झाला पाहिजे!' दुसरा म्हणतो, 'माणसे मरताहेत आणि तुम्हांला सण कसले सुचतात?' पहिल्याशी मला वाद घालायचा नाही. त्याचा निकाल रोगजंतूंनीच लावला आहे. माझे भांडण आहे दुसऱ्याशी. कारण तो सज्जन दिसतो, आणि त्याचे बोलणे ऐकले की निरपराध माणसालाही उगीच खजील वाटू लागते.

ह्या दुसऱ्या जातीच्या सज्जनांची गाठ मला २०२० साली अमेरिकेत, न्यू जर्सीत पडली. मुलाकडे चार महिन्यांसाठी गेलो होतो. मार्चमध्ये विमाने बंद झाली. पुढे परतीची खास विमाने सुटली, पण माझ्या वयाला तो प्रवास नको असे घरात ठरले आणि मी तिथेच राहिलो. सून एका इस्पितळात परिचारिका. एप्रिलमध्ये ती कामावरून आली की गॅरेजमध्येच कपडे बदली, आणि नातीला जवळ घेत नसे. नात आठ वर्षांची. तिची शाळा म्हणजे टेबलावरचा एक पडदा झाला होता. ऑक्टोबर उजाडला तसा तिने एकच धोशा लावला: 'ह्या वर्षी हॅलोवीन आहे की नाही?'

हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. मुलांनी भुताखेतांची सोंगे घ्यायची, तिन्हीसांजेला दारोदार जायचे आणि खाऊ मागायचा. दारात कोरलेल्या भोपळ्यात दिवा. ह्या सणाचे मूळ आयर्लंडकडचे. तिथे पूर्वी सलगम कोरीत. बटाट्याच्या दुष्काळानंतर एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे लोंढ्यांनी अमेरिकेत आली, त्यांच्याबरोबर हा सण रुजला, आणि सलगमाची जागा तिथल्या भोपळ्याने घेतली. ज्यांनी लहानपणी भोंडल्याला घरोघरी जाऊन खिरापत ओळखली आहे, त्यांना ह्यात परके वाटावे असे मला तरी काही दिसले नाही.

सूनबाईने नातीला उत्तर दिले, 'आहे. पण माझ्या नियमांनी.' अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्या सप्टेंबरात सणाच्या एकेका प्रकाराची जोखीम सांगितली होती. घरातल्याच माणसांनी भोपळा कोरला तर धोका कमी. खाऊच्या वेगवेगळ्या पिशव्या बांधून अंगणाच्या टोकाला ठेवल्या तर मध्यम. नेहमीसारखे दारोदार हिंडणे आणि बंद घरातला मेळावा, हे सर्वांत वाईट. शिवाय सोंगाचा मुखवटा कापडी मुखपट्टीची जागा घेऊ शकत नाही, हेही बजावले होते. ओहायोतल्या एका गृहस्थाने पुठ्ठ्याची सहा फुटी नळी जिन्याच्या कठड्याला बांधून तीतून खाऊ सोडण्याची युक्ती काढली होती. माझ्या मुलाने तीच उचलली, फक्त पुठ्ठ्याऐवजी पन्हळीचा प्लास्टिकचा नळ घेतला. वरून चॉकलेट सोडायचे, खाली मुलाने पिशवी धरायची, मध्ये सहा फुटांचे अंतर. नातीने वटवाघळाचे सोंग घेतले. ह्या रोगाबद्दल वटवाघळावर केवढा संशय होता हे तिच्या कानावर गेले नव्हते, आणि आम्हीही घातले नाही.

हे कळताच ओळखीच्या एका मराठी गृहस्थांनी फोनवरून आमची हजेरी घेतली. देशात दोन लाखांवर माणसे मेलेली, आदल्याच दिवशी रुग्णांची संख्या नव्वद लाखांपुढे गेलेली, आणि एका परिचारिकेच्या घरी भुतांचा खेळ! शिवाय सण परक्यांचा. शिवाय मुलांना 'नाही' ऐकायची सवय नको का?

तिन्ही आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे, कारण हे तिन्ही आक्षेप आपल्याकडे दर संकटात, दर सणाला निघतात.

'माणसे मरताहेत.' खरे आहे. पण ही माणसे मरताना कोणी पाहिली होती? फोनवाल्या गृहस्थांनी नव्हे. माझ्या सुनेने. आप्तांना आत येता येत नव्हते तेव्हा तिने परक्यांचे हात हातांत धरले होते. सण करायचा हे तिने ठरवले, आणि मृतांचा कैवार तिच्याविरुद्ध घेतला तो कोणी? घराबाहेर न पडलेल्या माणसाने! आमच्या समोरच्या घरातली म्हातारी त्या वसंतात विधवा झाली. तिच्या नवऱ्याचे दफन चार माणसांत उरकले. तिनेही दारात भोपळ्याचा दिवा लावला आणि पायरीवर खाऊच्या पिशव्या मांडून काचेआड बसली. मुलांनी रस्त्यावरून हात हलवले, तिने आतून हलवले. कित्येक महिन्यांत तिच्या दारापर्यंत आलेली ती पहिली माणसे असतील. दिवा विझवून बसली असती तर तिचे दुःख अधिक पवित्र झाले असते काय?

'सण परक्यांचा.' आपण धनत्रयोदशीला यमासाठी दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावतो, तो काय उत्सवाला गालबोट म्हणून? सर्वपित्री अमावास्या उलटताच घट बसवतो, ते काय पितरांना विसरून? मरण जवळ आले की दिवा लावावा, हे आयरिश शेतकऱ्याला सुचले तसेच आपल्यालाही सुचले. त्या वर्षी तर आदल्या रात्री आमची कोजागरी झाली होती. एका पौर्णिमेच्या चांदण्यात मसाल्याचे दूध, दुसऱ्या दिवशी त्याच चांदण्यात भोपळा. नातीला दोन्ही आपलेच वाटले.

राहिले 'नाही ऐकण्याची सवय.' अहो, त्या पोरीने मार्चपासून दुसरे ऐकले काय? शाळा नाही, मैत्रीण नाही, आईची कूस नाही! आणि नुसत्या 'नाही'ने साथ थांबते हा तरी कोणता शोध? लॉस एंजेलिसच्या आरोग्य खात्याने त्या सप्टेंबरात दारोदार जाण्यावर बंदी पुकारली आणि दुसऱ्याच दिवशी ती सौम्य करून 'शिफारस नाही' एवढ्यावर आणली. हा रोग मोकळ्या हवेपेक्षा बंद खोलीत अधिक पसरतो. अंगणातला खाऊ बंद केलात की माणसे दिवाणखान्यात जमतात. हे आमच्या फोनवाल्या गृहस्थांना ठाऊक असायला हवे होते, कारण त्याच आठवड्यात दसऱ्याला त्यांच्या तळघरात तीस पाने उठली होती. तो सण नव्हता म्हणे. तो 'घरगुती कार्यक्रम' होता!

सण लहान करायला अक्कल लागते. बंद करायला लागत नाही. १९१८ च्या साथीत अमेरिकेतल्या कित्येक शहरांनी हॅलोवीनचे मेळावे बंद केले. दुसऱ्या महायुद्धात साखर नियंत्रणाखाली गेली आणि १९४७ पर्यंत मुलांचा खाऊ आखडला. सण मेला नाही. आकसला आणि पुन्हा फुलला. आपल्याकडेही २०२० साली वारकऱ्यांनी हेच केले. शतकांची पायी वारी, पण त्या आषाढीला पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरीला गेल्या. सार्वजनिक गणपती चार फुटांवर आला. लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादान मांडले. विठोबा रागावल्याचे वा गणपती रुसल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून म्हणतो, पुढची साथ येईल (आणि ती येणार नाही असे कोणताही वैद्य सांगणार नाही) तेव्हा सण करायचा की नाही हा प्रश्न घरात काढूच नका. कसा करायचा, एवढेच विचारा. आणि तो कोणाला विचारायचा? जो रोग्याच्या उशाशी उभा राहून आला आहे त्याला, आणि ज्या मुलाचे वर्ष बुडाले आहे त्याला. बाकीच्यांनी पणत्यांना तेल घालावे.