कूट शब्दकोड्यातील न्याय

आपल्या वृत्तपत्रांतून शब्दकोडे छापण्याचा शिरस्ता जुना असला, तरी त्यांतील बहुतेक संकेत 'सूर्य' सांगून 'रवी' मागणारे असतात, आणि ज्याच्यापाशी प्रतिशब्दांचा संग्रह आहे त्याला ते फारसा विचार न करताच सुटतात. इंग्रजी वृत्तपत्रांनी याहून वरच्या दर्जाचा प्रकार जोपासला आहे. त्याला आपण कूट शब्दकोडे म्हणू. त्यातील प्रत्येक संकेताला दोन अंगे असतात, एक उत्तराचा अर्थ सांगणारे व दुसरे त्याच उत्तराची अक्षरे श्लेषाने, विपर्यासाने अथवा पदच्छेदाने जुळवून देणारे. आणि ही दोन्ही एका सरळ दिसणाऱ्या वाक्यात अशी बेमालूम मिसळलेली असतात की, एक कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे ओळखण्यातच सोडविणाऱ्याची खरी कसोटी लागते.

लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रात 1926 पासून एडवर्ड पॉइस मॅदर्स हे 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने अशी कोडी रचीत. 1939 साली ते निवर्तल्यावर ग्रीक-लॅटिनचे अध्यापक डेरिक मॅकनट 'झिमेनेस' या नावाने त्या गादीवर आले, आणि 1966 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या कलेचा जणू कायदाच लिहून ठेवला: अर्थ अचूक असावा, अक्षरांची जुळणी निर्दोष असावी, आणि याखेरीज संकेतात एकही फाजील शब्द नसावा. वाचकाची दिशाभूल करण्याची रचनाकाराला पूर्ण मुभा, खोटे सांगण्याची मात्र सक्त मनाई! माझ्या मते या छंदाची सारी प्रतिष्ठा या दंडकावर उभी आहे. कारण उत्तर सापडताच त्याच्या सत्यतेचा दाखला संकेतातच हजर असतो, दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. सामान्य ज्ञान हवेच, पण केवळ एखाद्या दूरच्या राजधानीचे नाव विचारणाऱ्या संकेतात, ज्याला ते ठाऊक नाही त्याला विचाराने तेथवर पोहोचण्याचा मार्गच उरत नाही.

देवनागरीला हे मानवणार नाही, हा आक्षेप मला कबूल नाही. 'कशाला? फिरा, पिंडाला शिवतो तो' हा तीन अक्षरांचा संकेत घ्या: 'का' आणि 'वळा' जोडले की कावळा, आणि पिंडाला कोण शिवतो हे लोकाचाराचे ज्ञान त्याची साक्ष देते. 'दीन उलटून वाहते ती' या दोन अक्षरांच्या संकेतात 'दी' आपल्या वेलांटीसह मागे सरते व नदी मिळते. अक्षर हेच एकक मानले की काना-मात्रांची तक्रार राहत नाही. ज्या भाषेत मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचले, तिला हे साधणार नाही असे कोणी म्हणावे?

संपादकांना माझी विनंती आहे की, रविवारच्या पुरवणीत असे एक कोडे द्यावे, पुढल्या रविवारी उत्तरांबरोबर प्रत्येक संकेताची फोडही छापावी, आणि वाचकांकडूनही संकेत मागवावेत.