‘मी ओरडले का नाही?’



समुपदेशन आता फोनवर आले आहे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक लोणी देवकरच्या उसाच्या बांधावरूनही लावता येतो. चोवीस तास, मराठीतून, फुकट. पुण्याच्या एस.टी.चे भाडे नको, की ‘कुठे निघालीस?’ला उत्तर नको. हा नंबर आपल्या गटांनी घरोघर पोचवायलाच हवा.

पण अत्याचार सोसलेली बाई बोलू लागली, की अडते कुठे? घडले ते ती एकवेळ सांगते. लाजेपाशी येऊन थांबते. ‘मी ओरडले का नाही?’ मथुराच्या खटल्यात हेच तिच्याविरुद्ध गेले. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. आरडाओरड नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणून 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. 1980 मध्ये बाया रस्त्यावर उतरल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. बाईच्या मनातला खटला मात्र चालूच आहे.

भीतीने शरीर गोठते, आवाज फुटत नाही. ती संमती नव्हे. हे तिला सांगायचेच, पण घाईने नव्हे. आपण घोषणा देणाऱ्या बाया. ‘लाज त्याला वाटू दे, तुला कशाला?’ म्हणून मोकळ्या होतो. मग तिला लाज वाटण्याचीच लाज वाटते, आणि ती गप्प होते. आधी तिचे तिच्या शब्दांत ऐकावे.

समोर बसलेल्या बाईची खाली गेलेली मान दिसते, पाण्याचा पेला पुढे करता येतो. फोनवर नुसती शांतता. ती लाजेची, की सासू दारात आली म्हणून? म्हणून पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हा नसावा. ‘आत्ता बोलता येईल का? जवळ कोण आहे?’ असा असावा. मध्येच कोणी आले तर काय बोलायचे, ही खूण आधी ठरवावी. व्हिडिओचा आग्रह नको. कित्येकींना चेहरा दिसत नाही म्हणूनच बोलता येते. फोन कुणाचा आहे, लावलेला नंबर कोण बघतो, हेही विचारावे. आणि एका फोनात सगळे काढून घेऊ नये.

दोन खोल्यांच्या घरात आतून कडी लावायची सोय कुठली? गटाची खोली आठवड्यातून एक दुपार रिकामी ठेवता येईल. चटई, पाणी, चालू फोन आणि बाहेर राखणीला एक मैत्रीण. तुमच्या गावात अशी खोली कुठे मिळाली, ते आम्हाला लिहा. तिथे आलेल्या बाईचे नाव मात्र लिहू नका.

— संपादक मंडळ